कॅमेऱ्यामागचा वडीलधारा

नगर शहराच्या दक्षिणेस पुण्याच्या रस्त्यालगत वसलेले केडगाव हे एके काळी रेणुकामातेच्या देवस्थानामुळे आणि भोवतालच्या मळ्यांमुळे ओळखले जाणारे गाव होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीतले एक दाट उपनगर झाले असून, भूषणनगर, शाहूनगर, अंबिकानगर अशा वसाहतींतून कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार, नेप्तीच्या कांदा बाजारात हमाली करणारे मजूर, दुष्काळी तालुक्यांतून आणि शेजारच्या मराठवाड्यातून पोटासाठी आलेली कुटुंबे आणि घर बांधून स्थिरावलेला नोकरदार वर्ग, असे सर्वजण भिंतीला भिंत लावून, परंतु एकमेकांची फारशी ओळख न ठेवता राहतात. गाव मोडून शहर होत असताना ज्या गोष्टी नाहीशा होतात, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ओढा बुजला, चिंच तोडली, गायरानावर वस्ती झाली, हे निदान डोळ्यांना दिसते, परंतु अवेळी चौकात उभ्या असलेल्या पोराला “कोणाचा रे तू?” असे दरडावून विचारणारा, ज्याचा त्या पोराशी रक्ताचा काही संबंध नाही असा वडीलधारा माणूस त्याच सुमारास नाहीसा झाला, याची हळहळ करण्यास कोणाला सवड झाली नाही. त्या प्रश्नात धाक होता हे खरे, पण त्या धाकाच्या पोटात एक आश्वासनही होते की, तू कोणाचा तरी आहेस, आणि तू कोणाचा आहेस हे जाणून घेण्याची आम्हाला गरज वाटते.

हा माणूस गेला आणि त्याच्या जागी मुलाच्या हातात मोबाइल आला. नववीत नापास झालेला, सकाळी गॅरेजात वा मंडपवाल्याकडे राबणारा, घरी बापाची दारू आणि आईची धुणीभांडी यांच्यात अवघडून बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी मित्रांच्या घोळक्यात येतो, तेव्हा त्याला जगाने आपल्याकडे पाहावे अशी जी स्वाभाविक भूक असते ती भागविण्याचे साधन त्याच्या खिशातच असते. तलवारीने केक कापणे, कोयता नाचवणे, कोणा कुख्यात माणसाच्या नावाचे गाणे लावून संथ चालीने कॅमेऱ्यासमोरून जाणे, अशा चित्रफितींच्या बातम्या पुण्यापासून नगरपर्यंत आपण वर्तमानपत्रांत वरचेवर वाचतो, आणि त्यांच्या पाठोपाठ तीच मुले पोलीस ठाण्याच्या आवारात हात जोडून माफी मागत असल्याची दुसरी चित्रफीतही पाहतो. पोलिसांना कायद्याची अंमलबजावणी करणे भाग आहे आणि शस्त्राचे प्रदर्शन हा अपराधच आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. तथापि, प्रौढ समाजाने त्या मुलाच्या कॅमेऱ्यात प्रथमच लक्ष घातले ते त्याला बेअब्रू करण्यासाठी, ही वस्तुस्थिती मला अस्वस्थ करते.

कारण ती चित्रफीत थोडी बारकाईने पाहिली, तर तिच्यात काही निराळेच दिसू लागते. तीस सेकंदांच्या त्या तुकड्यात दहा-बारा दृश्ये असतात. गाण्याच्या ठेक्यावर नेमका छेद दिलेला असतो. पाऊल उचलताना गती मंद केलेली असते आणि पाऊल टेकताना ती पूर्ववत होते. मावळतीचा प्रकाश पाठीमागून घेतल्यामुळे चेहरा अंधारात जाऊन आकृती ठळक उठते. हे सर्व त्या मुलाने तडा गेलेल्या पडद्याच्या फोनवर, एका बोटाने, कोणाच्याही शिकवणीशिवाय साधलेले असते. ज्याला दोन ओळींचा अर्ज लिहिण्याचा कंटाळा येतो, तोच मुलगा एक छेद मनासारखा बसावा म्हणून रात्री दोन वाजेपर्यंत जागतो. ही चिकाटी, हा ताल, हे रचनेचे भान ज्याच्या ठायी आहे, त्याला आपण गुन्हेगारीच्या उंबरठ्यावरचा म्हणून मोजावे आणि कलावंत म्हणून मोजू नये, यात त्या मुलाचे दुर्दैव आहे, तसाच आपल्या दृष्टीचा दोषही आहे. त्याच्याजवळ साधन आहे, वेळ आहे, अंगचे कसब आहे. नाही तो फक्त शेजारी बसून, “हे चांगले जमले आहे, आता हाच प्रकाश तुझ्या आईच्या चेहऱ्यावर घेऊन बघ,” असे म्हणणारा जाणता माणूस.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी केडगावच्या निमित्ताने मांडीत असलो तरी ते कोणत्याही वाढत्या उपनगरास लागू पडेल: जोखमीच्या वाटेवर उभ्या असलेल्या मुलांसाठी चित्रण, ध्वनिमुद्रण, संगणकीय चित्रकला, अॅनिमेशन यांचे उपक्रम अवश्य काढावेत, परंतु त्यांवरील खर्चाचा मोठा हिस्सा यंत्रांवर न घालता माणसांवर घालावा, आणि त्या माणसांची नेमणूक महिन्यांच्या हिशेबाने न करता वर्षांच्या हिशेबाने करावी.

यंत्र ठेवले की मूल आपोआप शिकते, या समजुतीचा आपल्या देशात एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी एका भिंतीत संगणक बसविला आणि झोपडवस्तीतील मुलांना तो खुला सोडून दिला. मुले पाहता पाहता तो चालवू लागली, आणि ‘भिंतीतले छिद्र’ जगभर गाजले. पुढे असे संगणक इतरत्रही बसले, आपल्या सिंधुदुर्गातही बसले. त्यांपैकी अनेक काही काळाने बंद पडले वा खेळांपुरते उरले, आणि शाळेच्या, गावाच्या, मोठ्या माणसांच्या आधाराशिवाय असे साधन तग धरीत नाही, अशी टीका अभ्यासकांनी केली. लक्षणीय गोष्ट ही की, खुद्द सुगत मित्रा यांनीच पुढच्या टप्प्यात दूरदेशीच्या आजीबाईंना इंटरनेटवरून मुलांशी गप्पा मारण्यास बसविले, आणि त्या योजनेतील एक केंद्र आपल्या फलटणला निघाले. मुलाने काही करून दाखविल्यावर कौतुकाने “अरे वा, हे कसे केलेस?” असे विचारणारी आजी लागतेच, हे यंत्रावर सर्वाधिक विश्वास टाकणाऱ्या संशोधकालाही मान्य करावे लागले. याउलट अमेरिकेत बोस्टन येथील संगणक संग्रहालयात मिचेल रेझनिक आणि नॅटली रस्क यांनी १९९३ साली गरीब वस्त्यांतील मुलांसाठी जे ‘कॉम्प्युटर क्लबहाउस’ उघडले, त्याच्या मांडणीतच वयाने मोठा, स्वतः काही निर्माण करणारा मार्गदर्शक गृहीत धरलेला होता. मुलाने स्वतःच्या आवडीचे काम हाती घ्यावे आणि मोठ्याने त्याच्या बाजूला बसून आपलेही काम करीत राहावे, अशी ती रीत. आज आपल्या शाळांतून मुले ज्या ‘स्क्रॅच’ नावाच्या संगणकभाषेत खेळ आणि गोष्टी रचतात, ती २००७ साली प्रसिद्ध झालेली भाषा याच क्लबहाउसांतील मुलांच्या गरजांतून उपजली.

परंतु एवढ्या दूर जाण्याचे आपल्याला खरोखर कारण नाही. ज्या प्रांतात गावोगाव तालमी होत्या, त्या प्रांताला ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. तालीम म्हणजे लाल माती, आखाडा, हनुमानाची तसबीर एवढेच असते, तर पैसे टाकून ती कोणासही उभारता आली असती. तालीम होती ती वस्तादामुळे. पोरगे पहाटे आले नाही तर त्याच्या दारात जाऊन उभा राहणारा, त्याच्या घरात काल रात्री काय झाले हे न विचारता ओळखणारा, जिंकल्यावर पाठ थोपटणारा आणि माजल्यावर चारचौघांत कान उपटणारा तो माणूस दहा-वीस वर्षे एकाच जागी असे, आणि म्हणून बिघडण्याच्या वयातली शेकडो पोरे त्याच्या नजरेखालून सुखरूप पार होत. आज मोबाइलच्या कलेला तालीम मिळावी, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

आणि कलेच्या क्षेत्रात असे घडू शकते याचा दाखला शोधण्यासाठी केडगावच्या माणसाला दूर जावे लागत नाही. तो नगर शहरातच, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयाच्या संज्ञापन अभ्यास विभागात सापडतो. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला, दारिद्र्य आणि अवहेलना यांचा पुरता अनुभव घेतलेला एक तरुण त्या विभागात दाखल झाला आणि शिकत असताना त्याने ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या एका उपेक्षित मुलाची ती कथा राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोहोचली. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ या पुढच्या चित्रपटांची कीर्ती आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या कीर्तीच्या आधी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात एक कॅमेरा होता, आणि हे तुझे अनुभव चित्रपटाचा विषय होऊ शकतात असा विश्वास वाटावा असे वातावरण होते, ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेत नाही. श्रीगोंदा तालुक्यातील भाऊराव कऱ्हाडे हेही नगरलाच शिकले. त्यांचा ‘ख्वाडा’ २०१५ साली प्रदर्शित झाला तेव्हा मेंढरे घेऊन वणवण हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाचे जगणे मराठी पडद्यावर प्रथमच इतक्या खरेपणाने आले. त्या चित्रपटाला प्रत्यक्ष स्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणासाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, याचा उल्लेख मी मुद्दाम करतो. कारण मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, माळावरचा वारा, पालाशेजारची कुजबुज हे आवाज ज्याच्या कानात लहानपणापासून भरलेले आहेत, त्याच्या हाती ध्वनिमुद्रक देणे म्हणजे त्याच्या आयुष्यालाच साधन देणे होय.

‘फँड्री’तील जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातीलच केम या गावचा हलगी वाजविणारा मुलगा, आणि त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा उदाहरणांनी आपला ऊर भरून येतो आणि तो येणे योग्यच आहे. तथापि, याच प्रवासातील एक दुःखद गोष्टही सांगितली पाहिजे. नागपूरच्या झोपडवस्तीतील मुलांना घेऊन मंजुळे यांनी २०२२ साली ‘झुंड’ काढला, आणि त्यात काम केलेल्या तरुणांपैकी एकाचा २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात नागपुरात खून झाला. यात चित्रपट करणाऱ्यांचा काही दोष आहे असे मी चुकूनही सुचवीत नाही. चित्रपटाच्या चमूचे काम चित्रपट पुरा करणे हे असते, आणि तो पुरा झाला की त्याला बरखास्त व्हावेच लागते. पण दिवे विझल्यानंतर मुलगा त्याच गल्लीत, त्याच संगतीत परत जातो, हे सत्य कितीही मोठ्या पडद्याने झाकले जात नाही. ज्यांच्या कार्यावर तो चित्रपट बेतला, ते हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडवस्तीतील मुलांसाठी फुटबॉलचे काम उभे केले आणि ते वर्षानुवर्षे त्याच मैदानावर राहिले. एक तेजस्वी प्रसंग आणि एक दीर्घ सहवास यांत मुलाला तारून नेतो तो सहवास.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. तिला मोजमापाचाही आधार आहे. अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या जुन्या संस्थेच्या कार्याची आठ ठिकाणच्या ९५९ मुलांवर तपासणी करून १९९५ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात वडीलधाऱ्या मार्गदर्शकाचा नियमित सहवास लाभलेल्या मुलांनी अमली पदार्थांना प्रथम हात लावण्याचे प्रमाण, तसा सहवास न लाभलेल्यांच्या मानाने ४६ टक्क्यांनी कमी आढळले, आणि मद्याच्या बाबतीत ते २७ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु माझ्या मते त्याहून महत्त्वाचे निष्कर्ष त्याच आधारसामग्रीवरून जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली मांडले. ज्यांचा संबंध एक वर्ष वा अधिक टिकला त्यांना सर्वाधिक लाभ झाला, आणि ज्यांचा मार्गदर्शक तीन महिन्यांच्या आतच निघून गेला त्यांच्या मनातील स्वतःविषयीची किंमत पूर्वीपेक्षाही उतरली. म्हणजे अर्धवट सोडलेला उपक्रम हा निरुपयोगी उपक्रम नसतो. तो अपायकारक असतो. ज्या मुलाला बापाने, शाळेने, मालकाने सोडले, त्याला आणखी एका भल्या माणसाने सोडले, एवढीच शिकवण तो त्यातून घेतो. आपल्याकडे उन्हाळी शिबिर, दहा दिवसांची कार्यशाळा, एका आर्थिक वर्षापुरता मंजूर झालेला प्रकल्प, शेवटी पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रे आणि छायाचित्र, असा जो परिपाठ पडला आहे, त्याकडे या निष्कर्षाच्या प्रकाशात पाहिले म्हणजे मनाला चटका लागतो.

मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत २०२३ च्या फेब्रुवारीत जो कला महोत्सव झाला, तो मला या दृष्टीने विचार करण्यासारखा वाटतो. इमारती इतक्या खेटून उभ्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. तेथे आणि शेजारच्या वसाहतींत प्रकाश व हवा यांचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने पाहणी करून दाखविला होता. अशा ठिकाणच्या तरुण-तरुणींना चित्रपट, छायाचित्रण, रॅप, नाट्य आणि भित्तिचित्र यांचे मार्गदर्शन अगोदर कित्येक महिने मिळाले, आणि मग पाच दिवस त्यांनी आपली वसाहतच कलादालन केली. या कामामागे ‘कम्युनिटी डिझाइन एजन्सी’ ही संस्था होती, आणि हीच संस्था आपल्या नगरात, काटवन खंडोबा परिसरातील संजयनगर झोपडपट्टीच्या पुनर्विकासात ‘स्नेहालय’ या संस्थेबरोबर रहिवाशांना सोबत घेऊन काम करीत आली आहे. महोत्सवापेक्षा महोत्सवाच्या आधीचे महिने मला मोलाचे वाटतात, आणि त्याच्या नंतरची वर्षे त्याहूनही.

केडगावात असे काही निघाले तर तेथे शिकवावे काय, असे कोणी विचारील. मी म्हणेन, नेप्तीच्या कांदा बाजारापासून आरंभ करावा. बाजाराच्या दिवशी सकाळी गोण्यांची रांग लागलेली असते. एकेक गोणी फोडून कांदा खाली ओतला जातो तेव्हा त्याचा जो कोरडा, खळखळणारा आवाज होतो, तो ओल्या मालाचा निराळा आणि सुकलेल्या मालाचा निराळा असतो, हे हमालाच्या पोराला ठाऊक असते आणि ध्वनिशास्त्राच्या पदवीधराला ते त्याच्याकडून शिकावे लागते. लिलाव पुकारणाऱ्याचा चढत जाणारा सूर, व्यापाऱ्याचे तुटक आकडे, भाव फुटल्यावर शेतकऱ्याच्या तोंडून निघणारा किंवा न निघणारा शब्द, मागे रिकाम्या टेम्पोचे फाळके पडल्याचा धडाका. पहिल्या दिवशी मुलगा फोन उंच धरून सगळेच एकदम टिपू पाहतो आणि घरी येऊन ऐकतो तो नुसता गोंगाट हाती लागलेला असतो. तेथे मार्गदर्शकाचे काम सुरू होते. फोन कुठे धरावा, वाऱ्याला पाठ कशी द्यावी, माइकवर रुमालाची घडी का ठेवावी, बोलणाऱ्या माणसाच्या किती जवळ जावे, आणि जवळ जाण्यापूर्वी त्याची परवानगी कशी मागावी, हे एकामागून एक सांगताना तो वस्तुतः ऐकावे कसे आणि माणसाजवळ जावे कसे हेच शिकवीत असतो. दुसऱ्या खेपेस मुलगा आपल्या वडिलांच्या पाठीवरच्या ओझ्याचा आवाज टिपून आणतो. जो बाप घरात केवळ चिडलेला आणि थकलेला दिसत होता, तो अशा वेळी मुलाला प्रथमच त्याच्या कामाच्या ठिकाणी, त्याच्या कसबासह दिसतो. असा तुकडा पुढे ऐकण्याजोगा झाला तर तो घराघरांत पोहोचविण्यास आपल्या शहरात ‘स्नेहालया’ने चालविलेले ‘रेडिओ नगर’ हे ९०.४ वरचे सामुदायिक नभोवाणी केंद्र आहे. १९८९ पासून चित्रा गल्ली या वेश्यावस्तीतील स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी झटत आलेल्या संस्थेचे ते केंद्र अशा आवाजांना परके मानणार नाही.

साधनांची अडचण आता फारशी उरलेली नाही. चित्रांना गती देण्याचे ‘ब्लेंडर’ आणि ध्वनी संपादनाचे ‘ऑडॅसिटी’ ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत, आणि २०२५ साली सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा ऑस्कर मिळविणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा चित्रपट ‘ब्लेंडर’वरच तयार झालेला आहे. चार बरे संगणक, दोन ध्वनिमुद्रक, एक शांत खोली एवढ्यावर काम सुरू होते.

मुलींचा प्रश्न मात्र वेगळा आणि कठीण आहे, आणि तो शेवटच्या ओळीत उरकण्याची रीत मला मान्य नाही. या वस्त्यांतून मुलाला स्वतःचा फोन मिळतो, मुलीला भावाचा मिळतो, तोही घटकाभर आणि त्याच्या देखत. संध्याकाळी सहानंतर तिने कोठे जावे याचा फैसला घरातले चार पुरुष करतात. तिच्यावर येणारी जोखीम तलवारीच्या केकची नसून अकाली लग्नाची असते, आणि ती कोणाच्या चित्रफितीत दिसत नाही. म्हणून तिच्यासाठी वेळ दुपारची, मार्गदर्शक स्त्री, आणि फोन केंद्राचा, या तीन गोष्टी आरंभापासूनच ठरविल्या पाहिजेत. मुलांचा उपक्रम नीट चालू लागल्यावर मग मुलींचे पाहू, असे म्हटले की ते कधीच पाहिले जात नाही.

दुसरी दक्षता मुलाच्या अब्रूची. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये कायद्याशी संघर्षात आलेल्या किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. हे कलम वर्तमानपत्रांना ठाऊक असते. परंतु सद्हेतूने काम करणाऱ्या मंडळींकडून देणगीदारांना पाठवावयाच्या पत्रकात मुलाचा चेहरा आणि त्याखाली त्याच्या आईबापांची दुर्दशा छापली जाते, तेव्हा त्याच कलमाचा आशय पायदळी जातो. मुलाने आपली गोष्ट स्वतःच्या इच्छेने सांगावी, न सांगावी, किंवा आपली न सांगता एखाद्या परीची वा राक्षसाची सांगावी; त्याला त्याचे दुःखच विकावयास लावणे हे कलेचे शिक्षण नव्हे. त्याने केलेल्या कामाची मालकी त्याची, ते कोठे दाखवावे याची मंजुरी त्याची, आणि पुढे ते मागे घ्यावेसे वाटले तर तो अधिकारही त्याचा, असे लेखी ठरावे.

कोणी व्यवहारी वाचक म्हणेल की, या मुलांना पोटापाण्याचा धंदा शिकवा, कॅमेऱ्याने काय होणार? या आक्षेपाचा मी आदर करतो, कारण तो भुकेच्या बाजूने केलेला आहे. वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम ही कामे शिकविली गेलीच पाहिजेत. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून जी सुधारशाळा उभी राहिली, तेव्हापासून भरकटलेल्या मुलास हातकाम शिकवावे हाच मार्ग आपण चोखाळत आलो आहोत आणि तो चुकीचा नव्हता. पण तेवढाच मार्ग ठेवण्यात, या मुलाला हात आहेत, मन नाही, असे नकळत गृहीत धरले जाते. शिवाय आजच्या केडगावात लग्नाचे चित्रण, दुकानांच्या जाहिराती, मतदानाच्या काळातली प्रचारपत्रके, शेतमालाच्या विक्रीसाठीच्या चित्रफिती, यांना मागणी आहे आणि त्यात रोजगारही आहे. तथापि मी रोजगाराच्या हमीवर हा दावा उभा करू इच्छित नाही. यातले थोडेच छायाचित्रकार होतील. बाकीचे रिक्षा चालवतील, कारखान्यात जातील, भाजी विकतील. परंतु सोळा ते वीस या घसरणीच्या वर्षांत त्यांच्या संध्याकाळी एका खोलीत, एका जाणत्या माणसाच्या सोबतीत गेलेल्या असतील, आणि मला तेवढे पुरे आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. २००३ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेजवळ शाळांच्या इमारती आहेत, ज्यांचे वर्ग संध्याकाळी कुलूपबंद असतात. केडगावातील अशा एका इमारतीतील दोन खोल्या देण्यास ठरावापलीकडे खर्च नाही. औद्योगिक वसाहतीतील ज्या मोठ्या कंपन्यांना कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यांनी वर्षाच्या अखेरीस संगणक वाटून ताळेबंद पुरा करण्याऐवजी तीन मार्गदर्शकांचे वेतन पाच वर्षांसाठी बांधून द्यावे. संगणक वाटपाचे छायाचित्र चांगले येते आणि वेतनाचे येत नाही, हे मी जाणतो, तरीही ही विनंती करतो. बालगृहासारख्या संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांच्या अनुरक्षणाची तरतूद बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, आणि केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत तिला आर्थिक आधार आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अशा मुलांना केडगावच्या या केंद्राशी जोडून द्यावे. मार्गदर्शक कोठून आणावेत, हा प्रश्न तर नगरला पडूच नये. न्यू आर्ट्सच्या त्या विभागातून दरवर्षी चित्रपटाचे, नभोवाणीचे, पत्रकारितेचे शिक्षण घेतलेले तरुण बाहेर पडतात आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या पकडतात. त्यांपैकी तिघाचौघांना, ज्यांची स्वतःची वाटही अशाच वस्तीतून गेली आहे अशांना, सन्मानाचे मानधन देऊन आणि स्वतःचे चित्रपट करण्यास आठवड्यातले दोन दिवस मोकळे ठेवून केडगावात राहू द्यावे.

त्यांच्या नेमणुकीची मुदत किमान तीन वर्षे असावी, आणि निवडीच्या वेळी यंत्रज्ञानाइतकीच चौकशी उमेदवाराच्या सबुरीची व्हावी. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी व्हावी, आणि मार्गदर्शक व मूल यांनी बंद दाराआड एकटे बसू नये असा नियम असावा. वर्षाअखेरीच्या अहवालात किती मुलांना प्रशिक्षण दिले हा रकाना असतोच. त्याच्या शेजारी, गेल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण या वर्षीही येत आहेत, आणि जे येईनासे झाले त्यांच्या घरी कोण जाऊन आले, असे दोन रकाने घालावेत. खोली दुपारी तीन ते पाच मुलींसाठी आणि संध्याकाळी सहा ते नऊ मुलांसाठी उघडी राहावी, सणावारी आणि विशेषतः नवरात्रात, जेव्हा देवीच्या यात्रेला गर्दी लोटते आणि चित्रण करण्यासारखे सर्वाधिक असते, तेव्हा ती बंद नसावी. आणि किल्ली महापालिकेच्या कार्यालयात न ठेवता मार्गदर्शकाच्या खिशात असावी.